विषयांच्या हद्दीवर परीक्षक हवाच

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनहून निघणाऱ्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात अवघ्या चार पानांचा एक निबंध छापून आला. लेखक होते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती लांब आहेत हे पुढच्या पिढीत दिसणाऱ्या फेरजुळणीच्या प्रमाणावरून कसे काढायचे, हा त्याचा विषय होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॅल्डेन यांनी १९१९ साली यासाठी एक सूत्र दिले होते. गुणसूत्रांच्या तुकड्यांची एका जागी अदलाबदल झाली (तिच्यातूनच ही फेरजुळणी होते) तरी शेजारच्या जागेवर तिचा काही परिणाम होत नाही, असे त्या सूत्रात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता कमी होते. कोसंबींनी हा परिणाम एका सुटसुटीत सूत्रात बसवला. आज भात, गहू किंवा ज्वारीच्या जनुकांचा नकाशा काढायला बसलेला संशोधक संगणकावर ‘हॅल्डेन’ किंवा ‘कोसंबी’ यांतला पर्याय निवडतो. कोसंबी जनुकशास्त्रज्ञ नव्हते, आणि या विषयात त्यांनी पुढे मोठे कामही केले नाही.

त्याच वर्षांमध्ये ते प्राचीन नाणी तोलत होते. हातोहात फिरणारे नाणे झिजते, म्हणून जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी भरते आणि त्यांच्या वजनांतली तफावत वाढते. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारून बनवलेल्या, नाण्यांवर त्यांनी हे तपासले. नाण्याच्या मागच्या बाजूचे ठसे जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. नाण्यांचा कालक्रम ठरवायला इतिहासाला एक नवे साधन मिळाले. यासाठी त्यांनी हजारो नाणी स्वतः तोलली. चलनातली त्या वेळची नाणीसुद्धा तोलली, कारण झीज कशी होते हे आधी माहीत असलेल्या नाण्यांवर पाहणे भाग होते.

ही दोन उदाहरणे मी मुद्दाम आधी मांडली. ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द आज आपल्याकडे प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात असतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो घरोघरी पोहोचवला. पण कोसंबींनी केले तसे काम करू पाहणाऱ्या तरुण संशोधकाला आपली विद्यापीठे अडवतात, आणि त्याच शब्दाखाली होणारे दुसरेच काही बिनदिक्कत पुढे जाऊ देतात. माझे म्हणणे असे आहे की, विषयांची हद्द ओलांडणाऱ्या संशोधनाची तपासणी एका विषयात राहणाऱ्या संशोधनापेक्षा कडक हवी, आणि ती दोन्हीकडच्या जाणकारांनी करायला हवी. आज ती सर्वांत सैल आहे.

असे संशोधन हवेच कशाला, असे कुणी विचारू शकेल. त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर शिकागो विद्यापीठातले माहितीशास्त्राचे प्राध्यापक डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ साली दिले. रेनॉड नावाच्या विकारात थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटे पांढरी पडतात, दुखतात. या रुग्णांचे रक्त दाट असते, असे एका गटातले निबंध सांगत होते. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे दुसऱ्या गटातले निबंध सांगत होते. दोन्ही गट छापलेले होते, ग्रंथालयात होते, पण एकमेकांचा उल्लेखही करत नव्हते. स्वॉन्सन यांनी कोणताही प्रयोग न करता केवळ वाचनातून या दोन गोष्टी जोडल्या आणि माशाच्या तेलाचा या रुग्णांना उपयोग होईल असा अंदाज मांडला. १९८९ साली प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी झाली. दुसऱ्या कोणत्याही आजाराशिवाय हा विकार असलेल्या रुग्णांना उपयोग झाला. दुसऱ्या आजारामुळे तो जडलेल्यांना झाला नाही. पुढे स्वॉन्सन यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांचा संबंधही अशाच वाचनातून दाखवला. माणसांना उपयोगी पडणारे ज्ञान छापील स्वरूपात आधीच हजर असते आणि दोन विषयांचे लोक एकमेकांचे वाचत नाहीत म्हणून ते पडून राहते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करणारी वाटते.

न वाचण्याची दुसरी किंमतही आहे. १९९४ साली ‘डायबेटिस केअर’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. साखर प्यायल्यानंतर ठरावीक वेळाने रक्त तपासत गेले की जो आलेख मिळतो, त्याखालचे क्षेत्रफळ मोजण्याची नवी पद्धत म्हणून तो छापला गेला. आलेखाच्या खालच्या भागाचे समलंब चौकोन पाडायचे आणि त्यांची क्षेत्रफळे मिळवायची. महाविद्यालयात गणित शिकलेल्या कुणालाही हा नियम माहीत असतो. बॅबिलोनचे खगोलज्ञ ख्रिस्तपूर्व काळात गुरू ग्रहाची वाटचाल मोजताना हीच युक्ती वापरत होते. निबंधात लबाडी काहीच नव्हती, सूत्र बरोबरच होते. पण छापण्यापूर्वी तो एकाही गणित जाणणाऱ्या माणसाच्या हाती गेला असता तर तिथेच थांबला असता. छापल्यावर आक्षेपाची पत्रे आली, आणि तरीही पुढची कित्येक वर्षे शेकडो निबंधांनी त्याचा आधार घेतला.

आता महाडकडे येऊ. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, दगावत. हिंमतराव बावसकर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा विंचूदंशाकडे वेदनेचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपणे ठेवली. दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि माणूस जातो. मृत्यूचे कारण हृदय आणि रक्तवाहिन्या हे आहे, हे त्यांनी या टिपणांतून दाखवले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला.

विंचवाच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांतून अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्ये एकदम मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. ती रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा नावाच्या ग्राहींवर, म्हणजे अशी द्रव्ये जिथे जाऊन चिकटतात त्या जागांवर, काम करतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. त्या काळी उच्च रक्तदाबासाठी प्राझोसिन हे औषध बाजारात आले होते. ते नेमक्या याच ग्राहींना अडवते. विषाचा अभ्यास करणाऱ्यांना पहिली गोष्ट ठाऊक होती, औषधशास्त्राला दुसरी. दोन्ही गोष्टी एका रुग्णाच्या खाटेपाशी एकत्र आणण्याचे काम तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने केले. प्राझोसिनची स्वस्त गोळी खेड्यातल्या दवाखान्यात पोचल्यावर विंचूदंशाचे मृत्यू फार झपाट्याने खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सहसा सांगितला जात नाही. प्राझोसिनने नाव मिळवून दिल्यावरही बावसकरांनी तो प्रश्न मिटला असे मानले नाही. विंचवाचे प्रतिविष प्राझोसिनसोबत दिले तर काय होते, याची त्यांनी ७० रुग्णांवर चाचणी घेतली. कुणाला काय द्यायचे हे यदृच्छेने, चिठ्ठी टाकल्यासारखे, ठरवले होते. २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण दोन्ही औषधे मिळालेल्या गटात ३५पैकी ३२, नुसते प्राझोसिन मिळालेल्या गटात ३५पैकी ८. स्वतःच्या नावाशी जोडलेला उपाय एकटा कमी पडतो, हे त्यांनी स्वतःच आकड्यांनिशी छापले. विषय ओलांडणाऱ्या माणसाकडून मी हीच अपेक्षा करतो. जोडणी सुचणे हा अर्धा भाग. ती जोडणी दुसऱ्या विषयाच्या कसोटीवर घासून पाहणे हा उरलेला अर्धा भाग, आणि तो टाळला की नुकसान होते.

किती होते, हे २०२३ साली जगाला दिसले. वायली या प्रकाशनसंस्थेला आपल्या हिंदावी या शाखेतले आठ हजारांहून अधिक निबंध त्या एका वर्षात मागे घ्यावे लागले. बनावट निबंध लिहून विकण्याचा धंदा करणाऱ्यांनी, ज्यांना ‘पेपर मिल’ म्हणतात, विशेषांकांच्या वाटेने ते आत घुसवले होते. हिंदावीची जी चार नियतकालिके कायमची बंद करावी लागली त्यांची नावे पाहा: ‘कम्प्युटेशनल अँड मॅथेमॅटिकल मेथड्स इन मेडिसिन’, ‘कम्प्युटेशनल इंटेलिजन्स अँड न्यूरोसायन्स’, ‘जर्नल ऑफ हेल्थकेअर इंजिनिअरिंग’ आणि ‘जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल अँड पब्लिक हेल्थ’. चारही दोन विषयांच्या सांध्यावरची. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. एखाद्या निबंधात अमुक आजाराचे निदान संगणकाकडून कसे करून घेतले हे लिहिलेले असेल, तर संगणकाचा जाणकार ‘वैद्यकीय भाग माझा नाही’ म्हणून सोडून देतो आणि डॉक्टर ‘गणित मला कळत नाही’ म्हणून सोडून देतो. दोघांनीही आपला अर्धाच भाग पाहिला, किंवा दोघांपैकी एकालाच विचारले, तर खोटे काम नेमके त्या न पाहिलेल्या भागात वस्तीला येते.

खोटेपणा नसतानाही हे घडते, आणि इथे पुन्हा कोसंबींकडे यावे लागते. १९५९ साली त्यांनी रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे अविभाज्य संख्यांविषयीच्या गणितातल्या सर्वांत अवघड न सुटलेल्या प्रश्नांपैकी एकाची, सिद्धता सापडल्याचा दावा केला. तो त्यांनी छापला भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात. शेतीच्या प्रयोगांचे आकडे तपासणाऱ्या लोकांकडून संख्यासिद्धांतातल्या सिद्धतेची पारख होण्याची शक्यता नव्हती. गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही, आणि कोसंबींच्या लौकिकाला त्याचा फटका बसला. इतिहास, नाणी, जनुके या सर्व क्षेत्रांत ज्यांनी दुसऱ्याच्या घरात जाऊन पक्के काम केले, त्या कोसंबींनाही संख्यासिद्धांत जाणणारा परीक्षक लिखाण छापण्यापूर्वी हवा होता. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे, म्हणूनच हे लिहितो.

आपल्याकडे काय चालले आहे ते आता पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन आणले आणि निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. तेव्हापासून ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांमध्ये एका ठरावीक गोष्टीचे नाव झाला. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र भरते, विषय इतका रुंद असतो की त्यात संतसाहित्य, मृदापरीक्षण, ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक आणि नॅनोकण सगळे बसते. सगळे शोधनिबंध एका विशेषांकात छापले जातात. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक असतो, कुठूनतरी मिळवलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे निबंधांचा आधार किती घेतला जातो याचा आकडा, मुखपृष्ठावर असतो, छपाईचा खर्च लेखक भरतो. या विशेषांकात दोन विषय एकत्र येत नाहीत. ते एका बांधणीत शेजारी शेजारी छापलेले असतात. मराठीच्या प्राध्यापकाने मृदाविज्ञानाचा निबंध वाचलेला नसतो आणि मृदाविज्ञानाच्या प्राध्यापकाने मराठीचा. संपादक दोन्हीही वाचत नाही, कारण त्याला दोन्हीतले कळावे अशी अपेक्षाच नसते.

आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. त्यात विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली हजारो नावे होती. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या भागाची नमुना तपासणी केली आणि २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले: तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट दर्जाची असण्याची शक्यता होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. २०१९मध्ये तिच्या जागी ‘केअर’ नावाची नवी यादी आली. तिचे बरेचसे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षात चाले. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने ‘केअर’ यादीही बंद केली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली. यादीने प्रश्न सुटत नाही हे मला मान्य आहे. चांगल्या नियतकालिकातही वाईट निबंध येतो, हे वर सांगितलेच. पण यादी गेली, तिच्या जागी काय येणार याचा विचार बहुतेक विद्यापीठांनी अजून गंभीरपणे केलेला दिसत नाही.

याच विद्यापीठांमध्ये खरोखर दोन विषयांवर पाय ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचे काय होते? वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला सह्याद्रीतल्या देवरायांवर काम करायचे आहे. त्यात झाडांची मोजणी आहे, सांख्यिकी आहे आणि गावाच्या रूढींचा अभ्यास आहे. पीएच.डी.चा विषय मंजूर करणाऱ्या संशोधन व मान्यता समितीसमोर तिला पहिला प्रश्न येतो: हा विषय कोणत्या अभ्यास मंडळाचा? समाजशास्त्राचा सहमार्गदर्शक घ्यायचा म्हटले तर अर्जात रकाना सापडत नाही. पदवी मिळाली तर पुढे नोकरीच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदवी’ असे लिहिलेले असते आणि तिचा विषय कुणाशीच पुरता संबंधित ठरत नाही. २०२५च्या जानेवारीत आयोगाने जो मसुदा काढला, त्यात प्राध्यापक होऊ पाहणाऱ्याच्या पदवीचा विषय आणि नेट या पात्रता परीक्षेचा किंवा पीएच.डी.चा विषय वेगवेगळा असला तरी चालेल अशी सवलत होती. दार उघडण्याचा हेतू चांगला आहे. पण आत येणाऱ्याची पारख कोण करणार हे ठरवले नाही, तर त्या दारातून देवराईवाली मुलगी येण्याआधी चर्चासत्रांच्या विशेषांकांची जाड फाइल घेतलेला माणूस येईल.

माझी मागणी दोन-तीन ठोस गोष्टींची आहे. प्रबंध दोन विषयांचा असेल तर मार्गदर्शक दोन्ही विषयांचे असावेत आणि बाहेरचे परीक्षक ठरवताना प्रत्येक विषयाचा किमान एक असावा. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजणे थांबवावे. उमेदवाराने आपल्या पसंतीचे तीन निबंध आणि त्यांवर आलेले परीक्षकांचे लेखी शेरे समितीपुढे ठेवावेत. खऱ्या तपासणीतून गेलेल्या माणसाकडे ते शेरे असतात. पैसे भरून छापलेल्याकडे नसतात, आणि ही एकच गोष्ट बरेच निवडून काढील. वैद्यकीय महाविद्यालयांबद्दल वेगळे सांगायला हवे. एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, अध्यापकांनाही बढतीसाठी निबंध लागतात. म्हणून रुग्णांची संख्या किती हवी, तुलना कशाशी करायची, हे काम सुरू होण्याआधी सांगणारा सांख्यिकीचा पूर्णवेळ माणूस प्रत्येक महाविद्यालयात हवा आणि त्याच्या सहीशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ नये. आज बहुतेक ठिकाणी आकडे गोळा झाल्यावर कुणातरी ओळखीच्या माणसाकडून ते ‘काढून’ घेतले जातात. तोपर्यंत चुकीची रचना दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते, आणि ज्या रुग्णांनी आपले रक्त आणि वेळ दिलेला असतो त्यांचा सहभाग वाया जातो.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. दोन परीक्षक म्हणजे दोन नकार. ऑस्ट्रेलियातल्या संशोधन अनुदानासाठी आलेल्या १८ हजारांहून अधिक प्रस्तावांचा अभ्यास २०१६ साली ‘नेचर’मध्ये आला, प्रस्तावातले विषय एकमेकांपासून जितके लांब, तितकी अनुदान मिळण्याची शक्यता कमी, असे त्यात दिसले. म्हणजे तपासणी कडक केली की चांगले कामही अडकते. मला वाटते, इथे परीक्षकाला काय विचारले जाते यावर सारे अवलंबून आहे. ‘हे काम तुमच्या विषयात महत्त्वाचे आहे का?’ असे विचारले तर गणितज्ञ कोसंबींच्या जनुकांवरच्या सूत्राला नाहीच म्हणेल. त्यातले गणित त्याला साधे वाटेल. ‘यातला तुमच्या विषयाचा भाग बरोबर आहे का?’ एवढेच विचारले तर तो हो म्हणेल, आणि जनुकशास्त्रज्ञ त्याचे महत्त्व सांगेल. महत्त्वाचा निवाडा ज्या विषयाला उपयोग होणार त्याने करावा, बरोबर-चुकीचा निवाडा प्रत्येकाने आपापल्या भागापुरता करावा. १९९४चा तो मधुमेहाचा निबंध या पद्धतीत ‘सूत्र बरोबर, पण ते नवे असल्याचा दावा चूक’ या गणितज्ञाच्या पहिल्या शेऱ्यावरच अडला असता. बावसकरांचा निबंध अडला नसता.

यांतल्या बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. मार्गदर्शकांचा आणि परीक्षकांचा नियम विद्यापीठाच्या विद्या परिषदेला ठरावाने बदलता येतो. परीक्षकाला पाठवायच्या पत्रातला प्रश्न बदलायला तर एका बैठकीत बसून नमुनापत्र नव्याने लिहिणे पुरे आहे. ‘केअर’ यादी बंद झाल्याने प्रत्येक विद्यापीठाला आपली पद्धत नव्याने लिहावीच लागणार आहे. ती लिहिताना संशोधन व मान्यता समितीच्या अर्जात दुसऱ्या विषयाच्या मार्गदर्शकासाठी एक रकाना घालावा, आणि तो भरलेला असेल तर अर्ज परत न पाठवता दोन्ही अभ्यास मंडळांच्या एकत्र बैठकीपुढे ठेवावा.